शनवार सरेपर्यंत

एझ्रा झिराडकर शनिवारी बायकोला मारत नसे. ह्याचं पुण्य त्याच्या पदरात टाकायचं तर टाका बापडे. शब्बाथच्या दिवशी काम वर्ज्य, आणि मारणं हे त्याच्या लेखी काम होतं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी तेलाचा घाणा बंद, दुकानाला कुलूप, मोबाइल कपाटात आणि हात खिशात. शनिवारी सांजच्याला आभाळात तीन तारे दिसले, निरोपाची मेणबत्ती विझली, की नवा आठवडा सुरू. मग घाणाही सुरू आणि हातही.

आठवडाभरात आरतीकडून जे काही चुकलं असेल ते सगळं तो शनिवार रात्रीसाठी राखून ठेवी. मधल्या वारीही फटका बसे, नाही असं नाही, पण तो येता-जाता. खरं काम शनिवारी रात्री. दार लावून, शर्ट काढून, खुंटीला अडकवून. गेल्या श्रावणात तिची बरगडी मोडली तेव्हा डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडली. घरात जिना नव्हता. डॉक्टरनं विचारलं नाही, आरतीनं सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, त्या मुठीत बोटं मोडून राहिली होती.

आता हा एझ्रा कोण, तर अकोल्यातल्या उरल्यासुरल्या ज्यू घरांपैकी एका घरचा. त्याचा आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीवर आला आणि इथल्या उन्हात रापून वऱ्हाडी झाला. कोकणात ह्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. नातवानं लाकडी घाणा टाकला आणि दुकानावर पाटी लावली, शनवार तेली. लोकांना कौतुक वाटलं. शेंगदाण्याचं, करडईचं, तिळाचं शुद्ध तेल मिळे, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस गोड बोले.

आणि तो गाई. अरे बाप्पा, काय गाई! त्याचा गळाच सगळ्या नाशाचं मूळ होता, असं म्हटलं तरी चालेल. तेल्हाऱ्याची आरती अकोल्याच्या कॉलेजात शिकत असताना एका कार्यक्रमात त्याचं गाणं ऐकून बसली आणि कामातून गेली. तेल्हाऱ्यात काळ्या जमिनीतली पराटी, म्हणजे कपाशी, खटल्याचं घर, बाप पुंजाजी. बाप म्हणाला, "त्याच्या घरात पाय टाकला त आमाले तू मेली." पोट्टीनं टाकला पाय. माघारी जायचं दार तिथंच बंद झालं.

मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, सेगुलाबाईंच्या घराची माडी होती. सेगुलाबाई म्हणजे रेल्वेच्या दवाखान्यातल्या रिटायर नर्स. पाठ वाकलेली, जीभ सरळ. त्यांच्या माडीवर दर शनिवारी प्रार्थना आणि गाणी चालत. नियमाप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. पण अकोल्यातली बहुतेक घरं ठाण्याला नाहीतर इस्राएलला निघून गेलेली. सेगुलाबाईंनी एक दिवस सांगून टाकलं, "दहा बाप्ये कुठून आणू? उगवतात का ते पराटीवर? इथं बाईही मोजली जाईल, सूनही, जावईही, अन् प्रेमानं येईल तो शेजारीही. जो गातो तो आपला." मुंबईहून कुणीतरी फोन करून हरकत घेतली. बाईंनी त्याला सांगितलं, "मग तुम्ही या दर शनिवारी." तो आला नाही.

येणारे यायला लागले. फुलवाले नत्थुजी कपाळाचा टिळा तसाच ठेवून, वर टोपी चढवून ढोलक वाजवत. भाजीवाल्या कौशल्याबाई शेतातला सब्जा घेऊन येत, कारण निरोपाच्या वेळी सुगंध घ्यायचा असतो. अमरावतीहून मिल्का आणि प्रतीक्षा यायच्या. मिल्का ज्यू घरातली, हार्मोनियम वाजवणारी. प्रतीक्षा तिथल्या शाळेत पोरींना कबड्डी शिकवणारी. दोघींचा संसार एकत्र होता, माडीवर त्याबद्दल कुणाला काही विचारायचं नव्हतं. आणखी दोन-चार म्हातारीकोतारी माणसं. हिब्रू प्रार्थना देवनागरीत लिहून घेतलेली, मधूनमधून मराठी गाणी, ती सेगुलाबाईंच्या नवऱ्यानं रचलेली. आणि सगळ्यांना एका सुरात ओढून नेणारा एकटा एझ्रा. तो डोळे मिटून गायला लागला की कौशल्याबाईंच्या डोळ्यांना पदर लागे. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, ते उगाच नाही.

आरतीची माडीवर एक ख्याती होती. तारे दिसायची वेळ झाली की ती म्हणे, "अजून एक."

गाणं होई. पुन्हा ती म्हणे, "अजून एक म्हना ना, आजी."

"आली फर्माइश!" नत्थुजी ढोलकावर थाप मारत. "ह्या पोरीले शनवार सोडवत नाई पाहा."

सेगुलाबाई हसत. "जन्मानं ज्यू आहेत त्यांना घड्याळ दिसतं, अन् ही तेल्हाऱ्याची पोट्टी शब्बाथ राणीचा पदर धरून बसते. शिका काही!"

सगळे हसत आणि आणखी एक गात. जोवर गाणं चाले तोवर शनिवार होता. एवढंच तिचं गणित होतं. शेवटी मेणबत्ती विझे, सगळे एकमेकांना "शावुआ तोव" म्हणत, म्हणजे आठवडा चांगला जावो. आरतीला ते दोन शब्द कधी घशाबाहेर काढता आले नाहीत. लोकांना वाटे, पोरीचा ऊर भरून येतो.

एकदा तिनं सांगायचा प्रयत्न केला होता. स्वयंपाकघरात सेगुलाबाईंना म्हणाली, "आजी, ह्यांच्याबद्दल थोडं बोलाचं होतं." आजी मलिद्याचे, प्रसादाचे गोड पोहे भिजवत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझा नवरा आहे म्हणून ही माडी आहे गं. तो नसता तर आम्ही कधीच दिवा मालवून बसलो असतो." आरतीनं नारळ खवायला घेतला.

ह्या आठवड्यात मात्र गोष्ट वेगळी झाली. तिच्या भावाचा, अमोलचा, फोन आला की बाबांना अकोल्यात दवाखान्यात आणलंय. बुधवारी दुपारी दुकान सोडून ती गेली. पुंजाजी तोंड फिरवून पडले होते. तिनं त्यांचे पाय दाबले, म्हाताऱ्यानं पाय काढून घेतले नाहीत, आणि ती परत आली. एझ्राला कळलं शुक्रवारी दुपारी.

त्यानं आधी आंघोळ केली. शब्बाथची सगळी तयारी शुक्रवारीच करून ठेवायची असते, कारण शनिवारी काही करता येत नाही. आरती भाजी-भात रांधून ठेवत होती, तेवढ्यात तो मागच्या खोलीतून एक दांडा घेऊन आला. घाण्यावर पेंड खरवडायच्या खोऱ्याचा बाभळीचा दांडा, खोरं काढून टाकलेला. तो त्यानं पुसला, त्याला तेल लावलं, आणि दाराच्या मागं नीट उभा करून ठेवला.

"शनवार सरू दे," तो शांतपणे म्हणाला. "मंग पाहतो. बापाच्या घरी पायानं गेल्ती ना? आता पायच ठेवत नाई."

मग त्यानं टोपी घातली आणि शब्बाथचं स्वागत गायला लागला. तिनं मेणबत्त्या लावल्या. रात्रभर आणि दुसरा सबंध दिवस ती त्या घरात त्या दांड्याबरोबर राहिली. जेवली, झाकलं, लवंडली, उठली. दांडा जागचा हलला नाही. कुणी म्हणेल, पळाली का नाही? कुठं पळेल हो? पुढच्या दाराची किल्ली त्याच्या कमरेला, मागचं दार त्यानं शुक्रवारीच खिळे मारून बंद केलं होतं. तयारी म्हणजे पुरी तयारी.

शनिवारी चार वाजता दोघं पायी निघाले. शब्बाथला तो गाडीवर बसत नसे. मोर्णेच्या पुलावर तो पुढे चालत गुणगुणत होता. आरतीच्या मनात आलं, इथूनच उडी घ्यावी. पण खाली पाणी नव्हतंच, नुसती जलपर्णी आणि प्लास्टिक. तिनं पाऊल उचललं.

माडीवर त्या दिवशी झकास रंग भरला. मिल्काची बोटं हार्मोनियमवर पळत होती, नत्थुजी घामाघूम झाले होते, एझ्राचा गळा तर असा लागला होता की शेजारच्या गच्चीवरच्या बायका येऊन ऐकत उभ्या राहिल्या. आरती खिडकीपाशी बसून पश्चिमेकडं बघत होती. उजेड तांबडा झाला. मग जांभळा.

"आज एक गंमत करायची आहे," सेगुलाबाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून निरोपाची मेणबत्ती काढली. कितीतरी वाती वेणीसारख्या गुंफलेली ती जाड मेणबत्ती तारे दिसल्यावर पेटवायची, सब्जा-लवंगांचा वास घ्यायचा, मनुक्यांच्या शरबताचा घोट घ्यायचा आणि त्याच शरबतात ज्योत बुडवून विझवायची, म्हणजे शनिवार सरला. "दर वेळी मी विझवते. आज जिचं शब्बाथवर सगळ्यात जास्त प्रेम आहे, तिनं राणीला निरोप द्यायचा. ये गं आरती."

टाळ्या पडल्या. कौशल्याबाईंनी तिला ढकलत पुढं आणलं. "जाय माय, लाजते काहून? नशीब लागते अशाले!"

मेणबत्ती आरतीच्या हातात आली. म्हणजे आता तिनंच आपल्या हातानं शनिवार संपवायचा, घरी जायचं आणि दाराआडच्या दांड्यापुढं उभं राहायचं. मान म्हणून माणसं काय देतील त्याचा नेम नाही.

"अजून एक," ती म्हणाली.

हशा पिकला. एक गाणं झालं.

"अजून एक."

"आता बास गं, आमची गाडी जाईल," मिल्का हसत म्हणाली, तरी तिनं सूर धरला. सगळ्यांनी म्हटलं:

*जरा थांब राणी, दिवा लावते मी*
*तुझ्यामागे दाराला कडी लावते मी*

गाणं सरलं. सेगुलाबाईंनी काडेपेटी उचलली. आरतीनं मेणबत्ती छातीशी घट्ट धरली.

"अजून एक."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. तिचे दात वाजत होते, आणि ते पुढे बसलेल्या प्रतीक्षाला ऐकू आलं. एझ्रा उठला, गच्चीत गेला, मान वर करून पाहिलं आणि आत आला.

"तारे निघाले," तो म्हणाला. आवाज अजून गोडच होता. "शनवार त सरलाच. दे थे मेणबत्ती."

"नाई देत."

"आरती. दे."

"अजून एक म्हना. पाया पडते मी तुमच्या. एकच."

त्यानं तिचा हात धरला आणि मेणबत्तीभोवतीची बोटं एकेक करून मागं वळवली. ती सोडेना. मग त्यानं दोन बोटं एकदम उलटी केली. कट्ट असा आवाज आला. तो आवाज सबंध माडीनं ऐकला. ती ओरडली, आणि त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडात अशी चपराक हाणली की ती सब्ज्याच्या ताटावर जाऊन पडली. लवंगा खोलीभर उडाल्या.

आता तुम्हाला वाटेल सगळे धावले. कुणी धावलं नाही. माणसं दगड होऊन बसली. नत्थुजी ढोलक मांडीवर घेऊन तसेच, आणि तोंडातून निघालं तेही काय, "अहो झिराडकर, नवरा-बायकोचं हाये, घरी जाऊन पाहा ना."

'घरी' म्हटलं आणि आरतीच्या पोटातून किंकाळी आली.

"घरी नाई! घरी दांडा ठेवला हाये! कालच तेल लावून ठेवला!"

ओठ फाटलेला, रक्त हनुवटीवरून खाली येत होतं, आणि ती एकामागून एक सगळं ओकत गेली. बरगडी. पाठ. बापाचे पाय दाबले म्हणून आता तिचे पाय मोडणार होते ते. सेगुलाबाई जवळ आल्या, वाकल्या.

"कधीपासून गं?"

"दर शनवारी, आजी. मेणबत्ती विझली का. मनून त अजून एक, अजून एक करत होती मी. मले काय गान्याची हौस होती?"

कौशल्याबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नत्थुजींनी ढोलक खाली ठेवलं. किती शनिवार हसलो आपण, ह्याचा हिशेब ज्याचा त्यानं मनात केला आणि ज्याची त्याला लाज वाटली.

"हाव, ठेवला दांडा," एझ्रा म्हणाला. गोडवा गेला होता. "माह्यी बायको हाये. उठ वं!"

त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि जिन्याकडं ओढत नेली. सेगुलाबाई आडव्या झाल्या. त्यानं म्हातारीला एका हातानं झटकलं, त्या कपाटाच्या कोपऱ्यावर आदळल्या आणि पांढऱ्या केसांतून रक्त आलं. तेव्हा मात्र माडी उठली.

पहिली प्रतीक्षा. ती त्याच्या वाटेत आली तसा त्यानं शरबताचा पितळी पेला उचलून तिच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. तिनं ते पुसलंसुद्धा नाही. ती खाली बसली आणि त्याचा घोटा धरला. अमरावतीच्या मैदानावर वाढलेल्या पोरीची घोट्याची पकड ती, सुटायची नव्हती. तो एका पायावर नाचला, दुसऱ्या पायानं तिच्या खांद्यावर लाथा घातल्या, एक, अजून एक, आणि धडकन हार्मोनियमवर पालथा पडला. पेटीच्या पट्ट्या मोडल्या, भात्यातून लांबलचक कण्हल्यासारखा सूर निघाला. मिल्का त्याच्या पाठीवर चढली. त्यानं तिच्या मनगटाचा चावा घेतला, कुत्र्यागत, मांस तुटेस्तोवर. नत्थुजी त्याच्या कमरेवर बसले आणि त्यांचं सगळं वजन त्यांनी त्या एका कामाला दिलं. कौशल्याबाई जिन्यात धावल्या, आपली चप्पल घेऊन वर आल्या आणि त्याच्या थोबाडावर सपासप हाणायला लागल्या.

"रडवलं ना रे मले, मुडद्या! तुह्या गान्यानं रडत होती मी!"

"बांधा त्याला," सेगुलाबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. कुणीतरी प्रार्थनेची शाल पुढं केली. "ती नको! तिचा काय गुन्हा? नत्थुजी, तुमचा दुपट्टा द्या."

दुपट्ट्यानं हात बांधले, भाजीच्या सुतळीनं पाय. एझ्रा जमिनीवर पडल्या पडल्या हसला. त्याचे दात लाल झाले होते.

"बांधा. पन उद्या गाईन कोन? सांगा ना, आजी. माह्याशिवाय तुमी कोन? बेडकं हा तुमी समदे, बेडकं. दोन शनवारात माडी बंद पडते का नाई पाहा."

खोटं नव्हतं ते. सूर लावणारा दुसरा कुणी नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"बेडूक तर बेडूक," सेगुलाबाई म्हणाल्या. "ओरडू."

आरती उठली होती. डाव्या हातात तोच पितळी पेला होता, जड, बुडाला प्रतीक्षाचं रक्त लागलेला. ती त्याच्या डोक्यापाशी येऊन उभी राहिली. तिनं हात वर नेला. नत्थुजींनी मान फिरवली, पण उठले नाहीत.

"हान त्याले!" कौशल्याबाई ओरडल्या. "हान, पोरी! आमी नाई पाहिलं."

आरतीनं त्याच्याकडं पाहिलं. ह्या कपाळावर तिनं लग्नाच्या दिवशी हात फिरवला होता. आता तिला ते फोडायचं होतं, आणि हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. खाली मेणबत्ती पडली होती, अजून न पेटवलेली.

"शनवार हाये अजून," ती त्याला म्हणाली. "मेणबत्ती कुठं विझली?"

त्या वाक्याचा अर्थ त्या खोलीत त्याच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. एझ्राचं हसू गेलं. तो मेणबत्तीकडं बघत राहिला. आरतीनं पेला बाजूला ठेवला.

दारापाशी टोपली होती, शब्बाथला सगळे तिच्यात मोबाइल टाकून वर येत. सेगुलाबाईंनी सबंध आयुष्यात शनिवारी निरोपाच्या आधी फोनला हात लावला नव्हता. त्यांनी हात घातला. म्हातारा खुशालराव कोपऱ्यातून पुटपुटला, "बाई, निरोप झाला नाही अजून."

"जीव वाचवायला शब्बाथ मोडला, तर तो मोडत नाही. हे तुम्हाला मी सांगू?" त्या म्हणाल्या आणि पोलिसांना फोन लावला.

पोलीस येईस्तोवर त्यांनी आपल्या डोक्याला फडकं गुंडाळलं आणि कामाला लागल्या. हार्मोनियमच्या मोडक्या पट्ट्या उचलल्या, आरतीच्या दोन बोटांना आधाराला लावल्या, पट्टीनं बांधल्या. नर्सचे हात होते, चुकत नव्हते.

"मला तू सांगायला आली होतीस," त्या खालमानेनं म्हणाल्या. "नारळ खवायला बसवलं मी तुला."

"जाऊ द्या, आजी."

"नाही जाऊ द्यायचं," म्हातारी म्हणाली आणि रडली.

पोलीस आले. सोबत एक बाई हवालदारही होती, तिनं आरतीला खाली बसवून सगळं विचारलं, आरतीनं सगळं सांगितलं. दाराआडच्या दांड्याचंही सांगितलं. एझ्राला जिन्यावरून खाली नेलं. जाता जाता तो गल्लीतल्या लोकांना गोड आवाजात सांगायला लागला की गैरसमज झालाय, पण वर कौशल्याबाई खिडकीत उभ्या होत्या, आणि त्यांचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता. गल्लीला काय ते कळलं.

"चला ताई, आता दवाखान्यात," हवालदार बाई म्हणाल्या. "तपासणी व्हायला पाहिजे. त्या तिघींचीही."

"थोडं थांबता का, मॅडम?" आरती म्हणाली. "शनवार सरायचा हाये."

हवालदार बाईंना काही समजलं नाही, पण त्या दारात थांबल्या.

शरबत सगळं सांडलं होतं. सेगुलाबाईंनी पातेल्याच्या तळाचं पेल्यात निथळून घेतलं. त्याआधी पेला धुतला. कौशल्याबाईंनी जमिनीवरचा तुडवलेला सब्जा गोळा केला. तुडवल्यामुळं त्याचा वास जास्तच सुटला होता. प्रतीक्षा भुवईवर कापूस दाबून बसली, मिल्का तिच्या खांद्याला टेकली. मेणबत्ती पेटवली. सगळ्या वातींचा मोठा पिवळा जाळ झाला.

पण सूर कोण लावणार? इतकी वर्षं तो लावत आला होता, ते मागं मागं जात आले होते. खुशालरावांनी घसा खाकरला आणि सोडून दिला.

आरतीनं सुरुवात केली. तिला सगळं पाठ होतं. अजून एक, अजून एक करत तिनं त्या माडीवरची प्रत्येक ओळ इतक्या वेळा मागून घेतली होती की तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. ओठ फाटलेला होता, शब्द अर्धे फुटत होते आणि सूर पार चुकीच्या जागी लागला. सेगुलाबाई त्याच चुकीच्या सुरात शिरल्या. मग नत्थुजी. मग सगळे. बेसूर, रडके, कुणी पुढं कुणी मागं. दारातली हवालदार बाई टोपी काढून उभी राहिली.

आशीर्वाद झाले. सब्जा हातोहात फिरला. आरतीनं शरबताचा घोट घेतला, ओठ झोंबला. तिनं डाव्या हातानं मेणबत्ती उचलली.

सेगुलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "अजून एक म्हणायचं का गं, पोरी? म्हणशील तितकी म्हणू. सकाळ करू."

"नाई, आजी," आरती म्हणाली. "पुरे."

तिनं ज्योत शरबतात बुडवली. चर्र झालं, धूर झाला, शनिवार सरला. बाकीच्यांनी तोंड उघडायच्या आधी तिनंच म्हटलं, "शावुआ तोव."